आजीची गाळलेली शिवी

आप्पा, ते पुस्तक मी विकत घेतलं. आपल्या आळीतल्या मास्तरांचं आत्मचरित्र, जे तुम्ही घरात ठेवू दिलं नव्हतं. नाशिकला गाडीची वाट बघताना फुटपाथवर दिसलं. आधी भिवंडी, मग सुरत, आता मोरबीचा टाइल्सचा कारखाना; मी कुठे टिकत नाही, पण पुस्तक उशाशी टिकलंय.

शाळेतलं सगळं विसरलो, तुमची मतं मात्र पाठ आहेत. घोटीच्या भातगिरणीतून आलात की अंगावरचा कोंडा झटकायचा आणि वाचनालयाचं पुस्तक उघडायचं. "मुडद्या, पान दुमडू नको," एवढं मला, बाकी सगळं लेखकाला. जुन्या कादंबऱ्या तुम्हाला आवडायच्या, पण त्यांत चार महिने पाऊस लागला तरी कुणाची गोधडी ओली होत नाही म्हणून चिडायचात. "ह्यानं चुलीवर कपडे वाळवले नाय कधी." नव्या कादंबऱ्या मी इथे मोबाईलवर ऐकतो. त्यांतली माणसं फ्लॅटमध्ये एकटी बसून फार विचार करतात. आम्ही एका खोलीत आठ जण. विचाराला नंबर लावावा लागतो.

मास्तरांच्या पुस्तकात आजी आहे. मास्तर लहानपणी उपाशी होते, तेव्हा आजीने गिरणीच्या दारात सांडलेला तांदूळ गोळा करून, शिजवून त्यांना वाढला. लुगडं तिचं गाठी मारलेलं. ती म्हणते, "बाळा, पोटभर जेव." तुम्ही हे घरात मोठ्याने वाचत होता. आजीने मध्येच थांबवलं.

"मी आन् बाळा म्हणंल? लुगड्याच्या गाठी लिहिल्या मेल्यानं, आन् माझी शिवी गाळली?"

आणि तिने ती शिवी दिली. आई, शेजारची काकू, सगळ्या हसल्या. तुम्ही पुस्तक मिटलंत. "खरं हाय समदं. पण त्ये त्याचं नव्हतं सांगाया." त्यानंतर आत्मचरित्र म्हणून तुम्ही हातात धरलं नाही. म्हणायचात, कादंबरीत निदान खोट्या माणसाची आई असते.

तेव्हा मला ते पटलं होतं. आता निम्मंच पटतं. आजी गेली, मग तुम्ही. तिचा फोटो नाही. त्या एका पानाखेरीज ती कुठे उठत-बसत नाही. खोलीतल्या बिहारी पोराला मी पान दाखवलं, म्हटलं, ही माझी दादी. त्याने विचारलं, "बोल क्या रही है?" आणि मी अडलो. पुस्तकातलं वाक्य तिचं नाही, आणि तिची शिवी मला आठवत नाही. हसणं आठवतं, शिवी नाही.

मास्तरांनी गाळली, तुम्ही पुस्तक मिटलंत, मी विसरलो. तिघांत मास्तरांनी निदान पान तरी लिहिलं, असं माझं मत झालंय. तुम्हाला चालणार नाही, माहीत आहे.

काल पेन घेऊन ते "बाळा" खोडलं. दुसरं काही सुचेना, म्हणून तुमची शिवी लिहिली. "मुडद्या, पोटभर जेव." आजीच्या तोंडी बरी बसते. हे पत्र त्याच पानात ठेवतोय. पान मात्र दुमडलंय.