पाझर तलावाकडे जाणारी वाट

माय, तलावाकडे जायला वाट झाली. तू डोक्यावरून ज्याची माती वाहिली त्याच तलावाकडे. मुरमाची वाट आहे, एक बैलगाडी आरामात जाईल एवढी, आणि शेवटी पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. हे तुला सांगायचं म्हणून आज कागद घेऊन बसले. मार्गशीर्षातली रविवारची दुपार आहे, अकोल्याच्या घराच्या गच्चीवर ऊन अंगावर नुसतं पडून आहे, आणि खाली गल्लीत कुणीतरी गादीचा कापूस पिंजतो आहे, त्याच्या धनुकलीचा आवाज मधूनच येतो. तुला वाचता येत नव्हतं. होस्टेलवरून मी पत्र लिहायची ते शेजारच्या मास्तरांच्या नावानं, आणि ते ओट्यावर बसून तुला मोठ्यानं वाचून दाखवायचे, म्हणून मी सगळ्या गल्लीला चालेल असंच लिहायची. आज मध्ये कुणी नाही.

तू जिनिंगमधून यायचीस तेव्हा तुझ्या केसांत कापसाची तूस असायची. हात धुऊन तू सरळ चुलीपाशी बसायचीस, आणि परातीत ज्वारीचं पीठ मळता मळता कधी कधी तो तलाव सांगायचीस. दुसऱ्या बाया माहेर सांगतात, तसा तू दुष्काळ सांगायचीस. नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे, माळाच्या उतारावर सगळ्या गावांची माणसं कामावर आली होती. ज्यांना शेती नव्हती ती होती, आणि ज्यांची शेती नुसती भेगाळून पडली होती तीही होती. खालून वर माणसांची रांग, भरली टोपली पुढे, रिकामी मागे, आणि दुपारी सगळ्यांच्या ओंजळीत सरकारी सुकडी, तीच गोड आणि तीच कोरडी. मी तेव्हा तुझ्या अंगावर पिणारी होते. मला त्यातलं काही आठवण्याचं कारण नाही, तरी मला ती रांग दिसते. उन्हात धूळ उभी आहे आणि धुळीतून बाया वर चालल्या आहेत, आवाज अजिबात नाही, आणि त्यातली कोणती तू ते मला ओळखू येत नाही.

पाळ पुरी झाली आणि पाऊस यायच्या आत तुमची टोळी दुसरीकडे रस्त्याच्या कामावर गेली. त्यामुळे त्यात भरलेलं पाणी तू पाहिलंच नव्हतंस. मी विचारायची, ते पाणी मग जातं कुठं? तू भाकरी उलटवत म्हणायचीस, "जमिनीच्या पोटातून चालत राह्यते. ज्याची विहीर लागंल तिच्यात निंगते. कोनाची हाये म्हनून इचारत नाई." हे मी नंतर पॉलिटेक्निकमध्ये शिकले, आकृत्या काढून. पाझर तलाव पाणी धरून ठेवत नाही, मुरवतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला अजूनही तुझंच वाक्य खरं वाटतं, की खाली अंधारात पाणी चालतं आहे, पदर सावरत, कुणाच्या तरी घरी निघालं आहे.

मी आठ वर्षांची असताना आपण मावशीच्या गावी गेलो होतो, ते तुला आठवत असेल. दिवाळी होऊन गेली होती. परत येताना तू एस.टी.ची वाट न पाहता मला माळावरून चालवत नेलंस, तलाव दाखवायला. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. पाळ दिसू लागली, हिरवी झालेली, आणि तू चालता चालता नकळत भरभर चालायला लागलीस. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, एक माणूस उभा होता, पांढरं धोतर, हातात काठी. इकडून वाट नाही, म्हणाला. तू सांगितलंस की पोरीला पाणी दाखवून लगेच परत जाते. तो म्हणाला, वाट नाही म्हटलं ना. त्याच वेळी त्याच्या मागून दोन बाया धुण्याची बोचकी घेऊन तलावावरून येत होत्या, त्याच धुऱ्यावरून. त्यांना तो काही बोलला नाही. आपण कोण ते त्याला तुझ्या लुगड्यावरून कळलं की बोलण्यावरून, कोण जाणे. तू वळलीस.

मी मात्र दगड उचलला होता. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी रुतली. "ठेव तो. पाळीचा दगड हाये तो, घरंगळून आला असंल. आमी एक-एक बसवला हाये." मी दगड खाली ठेवला. पुढे नाक्यापर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. तू कुणावर रागावली होतीस हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

मग अमरावतीचं पॉलिटेक्निक, होस्टेल. तिथे मुलींनी विचारलं, आई काय करते, तर मी म्हटलं, घरीच असते. जिनिंग सांगितलं नाही, मातीकाम तर नाहीच. जलसंधारण खात्यात नोकरी लागली तेव्हा तू मला कॅनव्हासचे बूट आणून दिलेस. मातीच्या कामावर चपला घसरतात, तू म्हणालीस, आमच्या वेळचा ओव्हरसियरही बूट घालायचा. ते एक नंबर मोठे होते. मी पुढे कापूस कोंबून ते तीन वर्षं घातले आणि ते कुणी दिले हे साइटवर कुणालाही सांगितलं नाही.

आता तलावाच्या फाइलीचं सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पाणलोटाच्या कामांसाठी सरकारी अनुदान आलं. माथ्यावर चर खोदायचे, झाडं लावायची, जुन्या तलावांचा गाळ काढायचा, फुटके सांडवे दुरुस्त करायचे. तो माळ मोठा गमतीचा आहे, माय. त्याच्या एका अंगाचं पाणी पूर्णेकडे जातं आणि दुसऱ्या अंगाचं वर्धेकडे, म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब दोन समुद्रांना मिळतात. नकाशा टेबलावर पसरून मी त्या रेषांवरून बोट फिरवत होते आणि बोट एका गावाच्या नावापाशी थांबलं. तलाव तुझा होता. अनुदानाची एक अट होती की जिथे सरकारचा पैसा लागेल तिथे पाण्यापर्यंत सगळ्यांना जाता आलं पाहिजे. तशी वाट नसेल तर जमीनमालकाचं संमतीपत्र घेऊन ती करायची, नाहीतर प्रस्ताव परत. जुन्या नकाशात वाट नव्हतीच. तलाव करताना सगळे शेतातून चालत गेले, आणि काम संपल्यावर ती चाललेली जागा पुन्हा वखरली गेली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या शेतकऱ्याचा मुलगा भेटला. धुऱ्यावरचा तो काठीवाला कधीच वारला होता. हा पन्नाशीचा, माझ्याच वयाचा, बोलायला सरळ. त्यानं चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. वाट दिली की ढोरं तुरीत शिरतील, पोरं पाळीवर पार्ट्या करतील, बाटल्या फोडतील, आणि त्या काचा त्यालाच वेचाव्या लागतील. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मी दोन्ही बाजूंना कुंपण देऊ म्हटलं, दुसऱ्यांदा नकाशा घेऊन गेले, ग्रामसभेचा ठराव दाखवला. तो ठरावाच्या दिवशी सभेला आलाच नव्हता. त्या गावाशी माझं काय नातं आहे हे मी कुणाला बोलले नाही. अधिकाऱ्यानं घरचं मध्ये आणू नये, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला भीती होती, की सांगितलं तर मी पुन्हा आठ वर्षांची होईन आणि तो पुन्हा वाट नाही म्हणेल.

प्रस्तावाच्या मुदतीला आठ दिवस उरले तेव्हा मी शेवटची गेले. तो शेतात होता. त्याची आई ओसरीत सुपात तूर पाखडत बसली होती, कमरेत वाकलेली, पण हात भराभर चालत होते. मी काकू म्हणून हाक मारून शेजारी बसले. सातबारा तिच्या नावावर आहे हे मला माहीत होतं, पण पोराच्या मागून तिच्याकडे जाणं बरं वाटत नव्हतं. मी पाणी मागितलं. ती आणायला उठली नाही, माझ्याकडे पाहत राहिली.

"तू मागच्या बारीलेही आली होती. मी आतून पाह्यलं," ती म्हणाली. "तुही माय कोन?"

मी म्हटलं, आम्ही अकोल्याचे. ती म्हणाली, "गाव नाई इचारलं. माय इचारली. ते हनुवटीवरचं गोंदन तिले होतं, तुले तिथंच तीळ हाये."

माय, मी तिथे तुझं नाव घेतलं. एवढ्या नोकरीत कुणाच्या ओसरीत बसून तुझं नाव मी प्रथमच घेतलं, आणि म्हटलं, तिनं या पाळीची माती वाहिली. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

तिनं सांगितलं ते तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. दुष्काळात तिला लग्न होऊन वर्ष झालं होतं, घरात दाणा नव्हता, सासूनं तिला तोंडावर पदर ओढून कामावर धाडलं. तिला चौथा महिना होता. तिसऱ्या दिवशी ती टोपलीसकट बसली. तू तिला हिवराच्या झाडाखाली नेलंस, जिथे लेकुरवाळ्या बायांनी झोळ्या बांधल्या होत्या, आणि म्हणालीस, तू पोरं सांभाळ, तुझ्या टोपल्या मी टाकते. महिनाभर तू दोघींची माती वाहिलीस आणि ती झोळ्या हलवत बसली. "त्याच्यात एक तू होती. लई रडे. आन् पोटात हा होता," ती म्हणाली. मुलगा तेवढ्यात शेतातून आला होता आणि पायरीवर उभा राहून ऐकत होता.

 अंगणात कोंबडी पाखडलेले दाणे टिपत होती. "तुही माय तुले घिऊन आली होती, त्या दिवशी मी कपाशीत होती," ती म्हणाली. "मी वयखलं तिले. मालकानं वाट नाई म्हनलं, मी ऐकलं. खाली वाकून बोंडं वेचत राह्यली. माह्यानं उभं नाई राह्यवलं."

 तिला माफ करणं माझ्याकडे नव्हतं, तुझ्याकडे होतं, आणि तू नव्हतीस. मुलगा आत गेला आणि माझ्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आला. त्यानं आईला एवढंच विचारलं की हे आधी कावून नाई सांगितलं. ती म्हणाली, कोणी विचारलं नाही. संमतीपत्रावर तिनं सही केली, अंगठा नाही. म्हातारपणी साक्षरता वर्गात शिकलेली सही, प्रत्येक अक्षर वेगळं बसवलेलं. दुसऱ्या दिवशी कुंपण कुठून घ्यायचं ते दाखवायला मुलगा स्वतः माझ्याबरोबर चालला. काचांचं त्यानं पुन्हा सांगितलं, आणि तो म्हणतो ते आजही खरं आहे; मागच्याच महिन्यात पाळीवर दोन बाटल्या सापडल्या, आणि त्या त्यानंच उचलल्या.

उन्हाळ्यात गाळ निघाला, वाट झाली, पायऱ्या बसल्या. या पावसाळ्यात तलाव सांडव्यापर्यंत भरला. कार्तिकात मी गेले तेव्हा सकाळचं धुकं पाण्यावरून उठत होतं आणि पलीकडचा काठ असा दिसत होता की आहे म्हणावा तर आहे, नाही म्हणावा तर नाही. वस्तीतल्या बाया धुणं घेऊन आल्या होत्या, गावातल्याही होत्या, आणि पायऱ्यांवर जागेवरून नेहमीसारखी भांडणं चालली होती. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं. मुलानं म्हातारीला मोटारसायकलवरून आणलं, आणि मी तिचा हात धरून खाली उतरवलं. धुऱ्याला लागून शेत, पण सुनेची सासू झाली, तरी ती स्वतः पाण्यापर्यंत कधी आली नव्हती म्हणे. शेवटच्या पायरीवर ती बसली आणि पाय पाण्यात सोडले. पाण्यात तिचे पाय वाकडे आणि पांढरे दिसत होते, लहान मुलीचे असावेत तसे. ती म्हणाली, थंड हाये वं. मी तिच्या शेजारी बसले, आणि मध्ये कुणी बसेल एवढी जागा दोघींनीही न ठरवता सोडली.

आता ऊन गच्चीच्या कठड्यापर्यंत गेलं आहे. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि मास्तरही आता नाहीत. घडी घालून कपाटात ठेवीन. एकच सांगायचं राहिलं, ते ऑफिसात कुणाला माहीत नाही. मंजूर नकाशात वाट सरळ आहे. जागेवर ती एका ठिकाणी हात-दोन हात वळून जाते, आणि तिथे खडक लागला असं मापवहीत माझ्या सहीनं लिहिलेलं आहे. खडक नाही तिथे, माय. हिवराचं झाड आहे, आणि म्हातारीनं मला त्याची झोळ्यांची ती फांदी दाखवली होती.