शेठच्या पायाला न पुरलेला क्लच

तुमसर, मंगळवार, मार्च १९७९

भंगारातून उभी केलेली पिकअप आज आमच्या गॅरेजातून गेली. तिची सीट मी सागाच्या फळ्यांवर माझ्याच मापानं बसवली होती. कायले? चालवणार तर धानवाला शेठ. पण बोल्ट आवळताना मनातून मीच बालाघाटले जाऊन राहिलो होतो.

आज शेठ त्या सीटवर बसला, तर पाय क्लचपर्यंत पोचेना. मिस्त्री हसले, "काहून रे, गाडी शेठची का तुही?"

वाटलं, आता शेठ म्हणेल, चल, तूच ड्रायव्हर.

"पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवून दे," शेठ म्हणाला.

दिला बसवून. चांगला घट्ट बसवला, हेच डाचते.

गाडी बालाघाटकडं जाणाऱ्या बपेऱ्याच्या रस्त्याले लागली. हॉर्न मीच जोडलेला. किती लांबून ऐकू येतो, ते आज कळलं.