केळ्यात खोचलेली उदबत्ती

१७ नोव्हेंबर १९७५, सोमवार

आज सलग अकरावा दिवस — आंघोळीचं पाणी कोमट! नोंद असावी म्हणून लिहितो. तीन पिढ्या म्हैसूरच्या पलटणीत घालवलेल्या घराण्यातला अठ्ठेचाळीस वर्षांचा पुरुष, ऐन थंडीत, कोमट तांब्याखाली कुडकुडत उभा. हा अन्याय कुठल्या खात्याकडे मांडावा? अर्जाचा नमुना मिळत नाही.

बायकोला, अंबूला, विचारलं. "अय्यो, करवंट्या संपल्या की हो! शेजारच्या नागरत्नम्मांकडून टोपलीभर उसन्या आणल्या, त्या बी झाल्या. हंड्याखाली आता काय तुमचे लेख घालू?"

घातले असते तर बरं झालं असतं. निदान परवाचा.

शुक्रवारच्या अंकात माझा मजकूर आला. नाव माझं नव्हे. गेली नऊ वर्षं चिदंबरच्या चार पानी कन्नड साप्ताहिकात मी 'सुम्ने' म्हणून लिहितो — सुम्ने म्हणजे उगीच. खरं नाव फक्त चिदंबरला ठाऊक, आणि अंबूला. आमच्या शाळेत हेडमास्तर तिरुमलराव यांच्या खोलीत आणीबाणी लागल्यावर, ऑगस्टपासून, दिल्लीच्या पंतप्रधानबाईंचा फोटो टांगलाय. रोज सकाळी आम्ही मास्तरांनी एकेकाने आत जायचं, उदबत्ती ओवाळायची, वहीत 'पाठिंबा आहे' म्हणून सही करायची. मी लिहिलं — नवा देव आला आहे. नैवेद्य खात नाही, सह्या खातो. चिदंबरने ते लग्नपत्रिकांच्या जाहिरातींच्या मधे दडवून छापलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर देशात हजार शाळा आहेत, कुठली ते कळलं नसतं. पण त्या खोलीत उदबत्तीचं घर हरवलंय, म्हणून ती अर्ध्या केळ्यात खोचतात. मी केळंही लिहिलं! चांगला तपशील सोडवत नाही. दारुड्याला बाटली दिसावी तसं होतं.

१८ नोव्हेंबर

चिदंबरला नेलं.

१९ नोव्हेंबर

घाईत लिहितोय, अक्षर वाचता येणार नाही. बरंच आहे.

चिदंबरची बायको, तुंगा, मार्केटात भेटली. म्हणजे तिने मला गाठलं. पानवाल्याकडे बघत, माझ्याकडे न बघता बोलली. पोलिसांची जीप देवराज मोहल्ल्यात छापखान्यापुढेच उभी केली. शेजारचे शिंपी मशीन थांबवून बघत होते. चिदंबर "चष्मा घेतो" एवढंच म्हणाला. त्यांचा एकच प्रश्न — सुम्ने कोण? आणि हा म्हणाला, "मीच."

चिदंबर! ज्याने नऊ वर्षांत मला एक कप कॉफी पूर्ण पाजली नाही — नेहमी 'बाय टू'! ज्याला 'चि. सौ. कां.'च्या पलीकडे चार ओळी सरळ लिहिता येत नाहीत! आणि त्यांना ते पटलं. क्षणभर — हे पान कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो — क्षणभर मला अपमान वाटला. माझी शैली आणि चिदंबरची!

मग आठवलं, ते 'मीच' माझ्या वाट्याचं होतं.

वही आता रागीच्या डब्यात तळाशी ठेवतो. मराठी आहे हे एक बरं. चेष्टा कन्नडात करायची, घाबरायचं मराठीत — आमच्या घरात तशी वाटणीच आहे.

२१ नोव्हेंबर

रस्त्यावर जीप थांबली. मी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. पाऊण तास! जीप पलीकडच्या डॉक्टरांकडे आली होती.

अंबू बाहेरून म्हणाली, "या आता. पाणी बी कोमटच आहे, काय करताय आत?"

२३ नोव्हेंबर, रविवार

करुणाम्मा टीचरकडे गेलो. न जाणं जास्त संशयास्पद वाटलं असतं. मिशन शाळेत मला इतिहास त्यांनीच शिकवला, आता चौऱ्याहत्तर. मोतीबिंदू काढल्यापासून डोळ्यांवर पट्टी आहे, तेव्हा दर रविवारी त्यांच्या भाषणाची टिपणं मी लिहून घेतो. नाताळाआधी त्यांच्या चर्चमधल्या बायकांपुढे बोलायचंय — पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांवर. सात गावच्या मंडळ्यांना सात पत्रं गेली होती म्हणे. कुणाला शाबासकी, कुणाला कानउघाडणी.

"बा, नरसिंगा, ये, बस. आज लावदिकीया लिही. श्रीमंत गाव. सावकार, लोकर, डोळ्यांचं औषध. भूकंपात गाव पडलं तर सरकारी मदत नको म्हणाले — आमचं आम्ही बांधू!"

"वा. म्हैसूरात असं गाव नाही."

"मधे बोलू नको. पाणी मात्र वाईट. शेजारच्या एका गावी ऊन झरे — औषधी. दुसऱ्या गावी गार पाणी — तहान भागवणारं. यांच्याकडे नळाने लांबून यायचं, येईपर्यंत कोमट. पत्र लिहिणाऱ्याने तेच धरलं — तुम्ही तुमच्या पाण्यासारखे. तोंडात धरवत नाही."

माझी पेन्सिल थांबली. म्हटलं, "टीचर, त्यांच्यावर कुणी जुलूम केला होता का?"

"कुणीच नाही! तीच तर गंमत. त्यांना कुणी हात लावला नाही. लावण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. दुसरं पत्र बघ — स्मुर्णा. गरीब मंडळी. त्यांना काय लिहिलंय? भिऊ नका, तुमच्यातले काही तुरुंगात जाणार आहेत. झालं! सोडवतो म्हणून नाही लिहिलं. नुसतं — टिकून राहा."

"भिऊ नका म्हटल्याने कुणाची भीती गेलीय का, टीचर?"

पट्टीखालचा चेहरा माझ्याकडे वळला. डोळे झाकलेले असूनही. "भीती जायला कोण सांगतंय? ती राहू दे की. कोपऱ्यात बसेल."

माझी कोपऱ्यात बसत नाही. मांडीवर बसलीय.

२४ नोव्हेंबर

तिरुमलरावांनी सगळ्या मास्तरांना एक कागद दिला. 'सदर साप्ताहिकाशी अथवा सुम्ने नामक इसमाशी माझा काहीएक संबंध नाही व नव्हता.' खाली सही करायची. वरून तपासून शिक्क्याचा दाखला मिळणार. मुदत शनिवार. चौदाजणांपैकी नऊजणांनी तिथेच उभ्याउभ्या केली. त्यांचं खरंच होतं.

मी म्हटलं, पेनात शाई नाही. तीनजणांनी पेन पुढे केलं!

२६ नोव्हेंबर

तिरुमलरावांनी बोलावलं. दार लावलं. फोटो, उदबत्ती, केळं — सगळं जागेवर.

"नरसिंगराव, हे केळं बाहेरच्या माणसाला कसं कळलं असेल हो?"

"फळवाल्याकडून."

हसले नाहीत. रुमालाने मान पुसली. "इथं येणारे चौदा. त्यातले असं लिहिता येणारे किती? मी मोजले नाहीत. मोजणार बी नाही. माझ्या दोन मुली लग्नाच्या आहेत. इन्स्पेक्टर विचारतो, तुमच्या शाळेतला आहे काय? तुम्ही सही करा. सगळ्यांच्या सह्या झाल्या की मी सांगणार — अल्ल, नाही, आमचा कोणी नाही."

त्यांनी पुन्हा मान पुसली, मीही पुसली. इतकी वर्षं या माणसाची मी नक्कल करत आलो. आज करता आली नसती — आम्ही दोघे सारखेच दिसत होतो.

२७ नोव्हेंबर

सही केली.

२८ नोव्हेंबर

दाखला मिळाला. जांभळा शिक्का, जरा तिरका. शर्टाच्या खिशात ठेवलाय.

पोटभर जेवलो. दुपारी घोरलो म्हणे. अंबूने देवापुढे साखर ठेवली. जीप गेली तरी मान वळवली नाही. शेवटी बिघडलं काय? कागद म्हणजे कागद. मनातून मी होय म्हटलंच नव्हतं. चिदंबरचं काय, तो सुटेलच आठवड्यात. लग्नसराई आली, पत्रिका कोण छापणार?

पाणी आजही कोमट. आज तक्रार केली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

जायला नको होतं.

"आज धुपाचं लिही," टीचर म्हणाल्या. "पत्रांनंतर दीडेकशे वर्षांनी. बादशहाचा हुकूम — प्रत्येकाने देवांपुढे चिमूटभर धूप घालायचा, नैवेद्य चाखायचा. अधिकारी उभा. घातला की दाखला. दाखला नसेल तर तुरुंग."

मी लिहीत राहिलो. खिशातला कागद कुरकुरला. आवाज माझ्याच कानात झाला असेल.

"आता एक तिसरी जात निघाली. धूप घालायची लाज, तुरुंगाची भीती. त्यांनी काय केलं? अधिकाऱ्याला गाठून नुसता दाखला घेतला. धूप न घालता! म्हणाले, आम्ही काहीच केलं नाही, फक्त कागद घेतला."

"त्यांचं काय झालं?"

"काय होणार? घरी गेले. जेवले. झोपले. बहुतेक सगळे तेच होते, नरसिंगा. टिकले ते थोडे. नंतर हुकूम मावळला, तेव्हा हे रडत परत आले. मग मंडळीत भांडण — यांना आत घ्यायचं की नाही? आणि सगळ्यात कडक कोण होते सांगू? ज्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं ते!" त्या मोठ्याने हसल्या. "आणि तुरुंगात होते, मार खाल्लेले, ते आतून चिठ्ठ्या पाठवायचे — अमक्याला परत घ्या. माझ्या नावावर घ्या."

मग टीचर म्हणाल्या, "तुझी पेन्सिल थांबलीय."

"टोक मोडलं."

"हौदा? असं होय? सुरी खिडकीत आहे."

मी टोक काढत बसलो. टोक शाबूत होतं. पार संपेपर्यंत काढलं.

१ डिसेंबर, सोमवार

तुंगा घरी आली. मागच्या दाराने. अंबूने तिला चुलीजवळ बसवलं.

काल तिला भेटू दिलं — पाच मिनिटं. चिदंबरच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. दारात बोटं सापडली म्हणतो. तीन बोटं! छपाईचे खिळे जुळवणारा माणूस तो. त्यांनी त्याला कागद दिला होता — तूच सुम्ने ना, मग लिही असंच काहीतरी आमच्यापुढे. त्याने लिहिलं. इतकं भिकार लिहिलं की आपली थट्टा करतोय असं त्यांना वाटलं.

मला हसू आलं. खरंच आलं. आणि तुंगाही हसली, आणि तसंच तिचं रडणं सुरू झालं.

तरी तो 'मीच' म्हणतोय. आज-उद्या कबुली टाइप करून घेतील, की लांबच्या कुठल्यातरी जेलात. किती दिवस ते कोणी सांगत नाही.

मी मान खाली घालून होतो. म्हटलं, आता ही मला शिव्या देईल. द्याव्यात. तुंगा म्हणाली, "निरोप दिलाय तुम्हाला. म्हणाले — शाळेत सह्या घेतायत असं कळलं. त्याला सांग, सही करू दे. आत एकजण पुरे. माझा राग नाही म्हणावं. आणि लिहायचं सोडू नको म्हणावं."

माझा राग नाही!

मारायला हवं होतं त्याने मला. इथे तुरुंगातून चिठ्ठी येते — आणि मी कोण, ज्याला परत घ्या म्हणून तो सांगतोय? खिशात हात घातला. शिक्क्याचा जांभळा रंग घामाने शर्टाला लागलाय.

तुंगा गेल्यावर अंबूने बराच वेळ भांडी घासली. मग पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून त्यांना सोडतील असं नाही. दोघं बी आत जाल."

"माहीत आहे."

"नोकरी जाणार."

"माहीत आहे."

"मग काय माहीत नाही?"

"भीती कधी जाणार ते."

ती हात पुसत वळली. "ती जाईपर्यंत थांबणार असाल तर मी आधी म्हातारी होईन."

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी शाळा भरायच्या आधी तिरुमलरावांच्या टेबलावर दाखला परत ठेवला. मागे लिहिलं — सुम्ने मीच. सगळे लेख माझे. चिदंबर यांना चार ओळी लिहिता येत नाहीत. खाली खरं नाव. त्यांनी वाचलं, डोळे मिटले, केळ्यातली उदबत्ती विझवली. "चार वाजता ठाण्यात हजर व्हा म्हणतील," म्हणाले. "घोंगडी न्या."

अंबू घोंगडी उन्हात घालतेय.

मार्केटातून पोतंभर करवंट्या आणल्या. पहिली टोपली शिगोशीग भरून नागरत्नम्मांच्या मागच्या दारी नेली.

"अय्यो, एवढ्यासाठी तुम्ही आलात? अंबुबाईंनी सावकाश परत दिल्या असत्या की!"

म्हटलं, राहून जातं मग.