तीन वर्षांची दुमड

चिरंजीव, चष्मा शोधत असशील तर तो कपाळावर आहे. तिथे नसला तर फ्रिजवर. हा कागद दोनदा वाच, कारण पहिल्यांदा वाचलेलं तुला संध्याकाळपर्यंत आठवत नाही, आणि या वेळी पुन्हा सांगायला मी खाली मशीनवर बसलेली नसेन.

मी, खाली अंगठा करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. म्हणजे बोलते मी, लिहितात वकीलबाई. मला अक्षर येत नाही, माणसाचा खांदा मात्र नजरेने मोजता येतो. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टरांनी वार विचारला. मी म्हटलं, सोमवार, आणि तुमच्या कोटाची डावी बाही अर्धा बोट लांब आहे. त्यांनी बाही बघितली आणि सही केली.

कलम पहिले, घर. खालची शिवणखोली, वरच्या दोन खोल्या आणि जिना माझ्या नातीच्या, खारूताईच्या, मालकीचा होईल. गालात दाणे साठवून तासभर चघळते म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिच्या बापाला तिथे हयातभर राहता येईल. बापासाठी मी आधी दुसरा शब्द सांगितला होता. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याच्या कागदात ‘गाढव’ चालत नाही, ‘लाभार्थी’ लिहावं लागतं. तर हा लाभार्थी.

आता, घर त्याला सरळ का दिलं नाही याचं कारण नोंदवणं भाग आहे.

पाच वर्षांपूर्वी लाभार्थी परदेशातून सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आला. बायकोशी वाजलं होतं, पण मला म्हणाला, पंधरा दिवसांच्या सुट्टीला आलोय. आठव्या दिवशी शाळेच्या गणवेशाचं कापड माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाला, “आई, दुमड मोठी ठेव. तीन वर्षं चालला पाहिजे.”

पंधरा दिवसांच्या पाहुणीला तीन वर्षांची दुमड. अक्षरशत्रू असले तरी एवढं मला वाचता येतं. तिकडे आई दाराकडे डोळे लावून बसली होती आणि इकडे मी दोरा ओवला. हे माझ्या नावावर लिहा, वकीलबाई, खोडू नका. पोर दिवसभर मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, माझ्या पायाला पाठ टेकून. ती ऊब सोडवेना, म्हणून मी सात महिने तोंड शिवून बसले.

मग सूनबाई कोर्टात गेली. मला प्रतिवादी क्रमांक दोन केलं. उभ्या आयुष्यात मी कुठल्या वर्गात बसले नाही, तरी दुसरा नंबर आला. लाभार्थ्याच्या वकिलाने मला आठवडाभर पढवलं, की पोरगी नुसती भेटायला आली होती, इथे रमली, तिलाच जायचं नाही. पोपटासारखं पाठ झालं होतं. पण न्यायाधीशबाईंनी साधंच विचारलं, “आजी, मुलगी किती दिवसांसाठी आली होती?”

मी पिशवीतून गणवेश काढला. म्हटलं, “बाईसाहेब, तोंडाने पंधरा दिवस, दुमडीने तीन वर्षं.”

त्यांनी दुमड उसवायला सांगितली. मी तिथेच दाताने दोरा तोडला. झगा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आला.

हुकूम झाला की पोरीचं घर, शाळा, आई तिकडे आहे. आईला न विचारता तिला इथे ठेवणं बेकायदा आहे. तिला परत पाठवा, पुढचं तिकडचं कोर्ट ठरवेल. तिकडच्या कोर्टाने ठरवलं की पोरगी आईकडे राहील आणि मोठ्या सुट्टीत बापाकडे येईल. त्या सुट्ट्या चार आल्या नि गेल्या. लाभार्थी एकदाही आणायला गेला नाही. लाजेने, की रागाने, त्याचं त्याला ठाऊक. लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, स्वतः मात्र चार वर्षं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलाय. माझ्याशीही बोलत नाही. माझ्याकडे काजं-बटणं करायला येणाऱ्या काजवालीला जिन्यावरून ओरडून सांगतो, “त्यांना सांगा, चहा झालाय.” त्यांना म्हणजे मला. चहा मात्र रोज करतो, हेही लिहा.

कलम दुसरे. दरवर्षी मोठ्या सुट्टीत लाभार्थ्याने स्वतः जाऊन, सूनबाईला विचारून, पोरीला आणावं आणि शाळा उघडायच्या तीन दिवस आधी स्वतः आईच्या दारात पोचवावं. माझ्या ठेवीतून तिकिटं निघतील, ती जाण्यायेण्याचीच. एक दिवस जरी जास्त ठेवून घेतली, तर वकीलबाईंनी त्याच्या शेजारची खोली काजवालीच्या भावाला द्यावी. तो बिगुल शिकतोय.

कलम तिसरे. मोठी कात्री काजवालीला. ती साक्षीदार होणार होती, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये असं वकीलबाई म्हणाल्या. तिने कात्री निवडली. शिवणयंत्र सूनबाईला. तिला शिवता येत नाही, पण मी तिचं सात महिन्यांचं देणं लागते आणि माझ्याकडे याहून जड काही नाही.

कलम चौथे, फिती. मी गिऱ्हाइकाचं माप कागदावर घेत नाही, प्रत्येकाची एक कापडी पट्टी, तिला कात्रीच्या खाचा. सूनबाईने हे पाहिलं होतं. पोरगी गेल्यावर तिच्या दर वाढदिवसाला सूनबाईकडून पाकीट येतं. आत चिठ्ठी नाही, नुसती एक फीत, पोरीच्या उंचीएवढी कापलेली. अशा चार आहेत, गणवेशासोबत बटणांच्या डब्याखाली. त्या चारही लाभार्थ्याला. शेजारी शेजारी टांगून बघ. तुझी दुमड केव्हाच संपली, बाळा.

तू मला कोर्टात पाहिलंस ते पाठमोरं. परत येताना रिक्षात मी तो झगा तोंडाला लावून बसले होते, ते तू पाहिलं नाहीस. माझी चूक उसवण्यात नव्हती, शिवण्यात होती.

यापूर्वी रागाच्या भरात केलेली सर्व मृत्युपत्रे, अंदाजे अकरा, रद्द समजावीत.

अंगठा: डावा. उजव्याच्या रेषा सुईने खाल्ल्या.
साक्षीदार: १. समोरचा घड्याळजी (सही) २. दाखला देणारे डॉक्टर (सही, बाही दुरुस्त करून घेतल्यावर)
स्थळ: शिवणखोली, खिडकीजवळचं टेबल. दिनांक: चौदा मार्च, सोमवार, दुकानाची सुट्टी.

ता. क. पोरीला पोचवायला निघताना शेंगदाणे भाजून तीन पुड्या कर. एक खारूताईला, विमानात गालात धरायला. एक सूनबाईला, न फोडता हातात द्यायची. तिसरी तुझी. येताना शेजारची खुर्ची रिकामी असेल, हाताला काहीतरी चाळा हवा. तुझ्या पुडीत मीठ घालू नकोस, ते वाटेत आपोआप मिळेल.