तीन चर्चचा होकार

३ फेब्रुवारी, सोमवार

म्हातारे पाळक काल निवृत्त झाले. आज आमचं चष्म्याचं दुकान उघडायच्या आधीच पायरीवर उभे. पाळकघराच्या किल्ल्या हातात दिल्या, जाता जाता चष्म्याची दांडी घट्ट करून घेतली. म्हणाले, आता तुम्ही वॉर्डन लोक आहात आणि देव आहे. दोघांपैकी भरवसा कुणाचा, ते काही बोलले नाहीत.

नवा पाळक येईपर्यंत तिन्ही चर्च आम्ही तीन वॉर्डनांनी, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांनी, रेटायची. पुलाजवळचं माझ्याकडे. टेकडीवरचं कर्नलकडे — फौजेत कधी नव्हते, बस डेपोत कंट्रोलर होते, पण मिशी तशी आहे. गिरणीमागचं नर्सबाईंकडे. बिशपांनी आमची मोट बांधली त्याला बरीच वर्षं झाली: पाळक एक, इमारती तीन, समित्या चार! प्रत्येक चर्चची आपापली, आणि वर एक संयुक्त. खालच्या समितीत ठरतं, वरच्या समितीत मोडतं.

ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "एक सून आणि तीन सासवा. कोण येणार मरायला?"

९ फेब्रुवारी, रविवार

पाळकाविना पहिला रविवार. शहरातून एक निवृत्त पाळक आले, ते टेकडीवर गेले. पाळकाशिवाय प्रभुभोजन होत नाही, म्हणून ते फक्त तिथे. आमच्याकडे नुसती प्रार्थना, वाचन मी केलं. गिरणीमागच्यांनी टेकडीवर जायचं असं बैठकीत ठरलं होतं. कुणी गेलं नाही. नर्सबाईंचं म्हणणं, चढण झेपत नाही. कर्नलचं म्हणणं, बाजाराची चढण बरी झेपते.

कीबोर्ड वाजवणारे मास्तर आमच्याकडून थेट टेकडीवर पळाले. तिथे पहिलं गाणं संपल्यावर पोचले. कर्नलनी आल्या आल्या घड्याळ दाखवलं म्हणे. डेपो सुटला तरी सवय सुटत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गिरणीमागच्या चर्चच्या खोलीत संयुक्त समिती. तिथेच भेटतो, कारण हीटर फक्त तिथला चालतो. आर्चडीकन आले होते. बिशपांच्या वतीने आमच्यासारख्यांवर नजर ठेवतात. मऊ बोलतात आणि वाईट बातमी आणतात.

पाळकाच्या जागेची पहिली जाहिरात फुकट गेली होती. दुसरीला एक अर्ज आला. एकच. नियम सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यांनी परत सांगितला: प्रत्येक चर्चचा एक प्रतिनिधी मुलाखतीला बसेल, आणि तिघांपैकी एकाने जरी नको म्हटलं तरी नको. मग आम्हाला शहरातल्या मोठ्या गटात टाकतील. तिथे महिन्यातून एकदा पाळक तोंड दाखवणार, बाकी रविवारी आपलं आपण. गिरणीमागचं चर्च बहुतेक बंदच होईल. नर्सबाई हातातल्या कपाकडे बघत होत्या.

मग नाव वाचलं. आडनाव माहेरचं लावते, म्हणून क्षणभर डोक्यात शिरलं नाही. पहिल्या नावाने शिरलं.

कर्नल छताकडे बघायला लागले. त्यांना आठवलं होतं.

माझी सून. होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना सांगितलं. चहा संपवला. मग म्हणाले, "म्हणजे म्हणायची तसं धर्मशास्त्र शिकली शेवटी." आणि कप विसळायला उठले. हे कधी कप विसळत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हे वहीत कधी लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

मुलाचं लग्न झालं तेव्हा ती बँकेत होती. ते काम आवडेना, म्हणून दुकानात यायला लागली. मी शिकवलं नाही, बघून शिकली. काचा घासणं, फ्रेम तापवून कानामागे वळवणं. पहिल्यांदा चष्मा लागलेल्या म्हाताऱ्यांना ती आधी दारात नेऊन उभं करायची. म्हणायची, आधी लांबचं बघा, पैशाचं नंतर बघू. लोक तिच्यासाठी यायचे. मला मुलगी नाही. ते दुकानात कुणाच्या लक्षात यायचं नाही.

मुलाचं आणि तिचं पटत नव्हतं हे दिसत होतं. मध्ये पडायचं नाही असं मी ठरवलं होतं. चार वर्षांनी एका सकाळी ती आली नाही. तो म्हणाला, गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही, ठरवून वेगळे झाले. ठीक आहे. नवरा-बायकोचं ते बघतील. पण ती माझ्याबरोबर रोज आठ-आठ तास काउंटरमागे उभी राहिलेली! आदल्या दिवशी "येते" म्हणून गेली, ती गेलीच. फोन नाही, निरोप नाही.

लोकांना वाटतं मी मुलासाठी रागावले. मुलगा सावरला, दुसरं लग्न झालं, नात चार वर्षांची आहे. मी माझ्यासाठी रागावले होते. आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आर्चडीकनना फोन केला. नातं सांगितलं, मला यातून काढा म्हटलं. त्यांना माहीत होतं. तिने अर्जातच लिहिलं होतं — त्या गावातल्या एका वॉर्डन माझ्या सासूबाई होत्या, त्यांची हरकत असेल तर अर्ज बाजूला ठेवावा. बाकी दोन चर्चनाही विचारून झालं होतं, त्यांना मी बसले तर चालतंय. आमच्या चर्चने दुसरं कुणी दिलं तरी चालेल म्हणाले.

दुसरं कोण? मास्तरांना विचारलं. ते म्हणाले मी फक्त वाजवतो, निवडत नाही. समितीतल्या बाकीच्यांनी आपापल्या सांध्यांची नावं घेतली. गुडघा, कंबर, खांदा.

मीच बसणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन. कुणीतरी त्याच्या कानावर घातलंच. मला वाटलं तापेल. नाही. नातीची कविता ऐकवली, मग म्हणाला, "आई, ती माणूस म्हणून चांगली आहे. आमचं जमलं नाही इतकंच. माझ्या नावावर नाही म्हणू नकोस." मी म्हटलं, तुझ्या नावावर कशाला म्हणू. तो म्हणाला, "तेच म्हणतोय."

इतका शहाणा कधी झाला?

२४ फेब्रुवारी, सोमवार

नको म्हणणार. ठरलं. कारण द्यावं लागत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नर्सबाई दुकानात आल्या. डोळे तपासायचं निमित्त. गेल्याच वर्षी तपासले होते, नंबर तोच निघाला. खुर्चीतून उठता उठता सांगायला लागल्या — त्यांच्या चर्चच्या खोलीत गुरुवारी गिरणीतून पाळी सुटलेल्या बायका येतात, नुसत्या बसतात, हीटरजवळ. म्हातारे पाळक त्यांच्यात येऊन बसायचे. काही शिकवायचे नाहीत, भाज्या निवडायला मदत करायचे. आता बायका विचारतात, पुढे कोण येणार.

माझ्यावर दबाव आणायला नाही आले, असं दोनदा म्हणाल्या. म्हणजे त्यासाठीच आल्या होत्या. राग आला नाही. त्यांच्या जागी मीही गेले असते.

१ मार्च, शनिवार

मुलाखतीचे प्रश्न वाटून घेतले. कर्नल विचारणार रविवारच्या वेळांबद्दल. नर्सबाई विचारणार आजारी माणसांबद्दल. मला उरला तो: तीन चर्चना एकाच वेळी तुम्ही हव्या असाल तर काय कराल? प्रश्न आर्चडीकननी काढलाय. मी फक्त वाचायचा. सोपं आहे.

८ मार्च, शनिवार

आधी तिला तिन्ही चर्च दाखवायची होती. पुलाजवळचं शेवटी, मुलाखत तिथेच. वॉर्डन म्हणून दार मलाच उघडायचं. कुलूप पावसाळी हवेत अडकतं, आज कोरडं असून अडकलं. ती मागे उभी राहिली. पुढे होऊन मदत केली नाही, ते बरं केलं.

केस पांढरे झालेत, कानांजवळ. चष्मा लागलाय. फ्रेम चुकीची आहे, नाकावरून घसरते. दर दोन मिनिटांनी वर ढकलते. हे माझ्या मनात आधी आलं. बाकी सगळं नंतर.

चर्चमध्ये हिंडली. वेदीपेक्षा मागच्या बाकांकडे जास्त वेळ. मागे कोण बसतं, विचारलं. कर्नल म्हणाले, उशिरा येणारे. ती म्हणाली, मग त्यांना दार उघडताना आवाज होणार नाही असं काहीतरी करायला हवं. कर्नलना आवडलं नाही. मला आवडलं. ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मुलाखत मागच्या खोलीत. कर्नलचा प्रश्न झाला — तिने वेळापत्रक मागितलं आणि त्यांच्यासमोरच त्यातली चूक दाखवली: मास्तरांना दोन्हीकडे पोचायला वाटेत एक मिनिटही ठेवलं नव्हतं. कर्नलनी तिथे पेनाने खूण केली. नर्सबाईंचा झाला. मग माझा. वाचला. कागद टेबलावर ठेवला.

तिने चष्मा वर ढकलला.

"कुणाला तरी निराश करावंच लागेल," म्हणाली. "तिघांनाही खूश ठेवीन असं म्हटलं तर खोटं होईल. पण ज्यांच्याकडे जाणार नाही, त्यांना मी स्वतः आधी सांगेन. तोंडाने, समोर जाऊन. एकदा मी तसं केलं नव्हतं. ज्या माणसाने मला सगळ्यात जास्त दिलं, त्यांनाच न सांगता निघून गेले. सांगायला गेले असते तर निघताच आलं नसतं, म्हणून. ते कारण आहे, सबब नाही. तेव्हापासून मी कुणालाही असं सोडलेलं नाही."

आर्चडीकन लिहीत होते, त्यांचं पेन थांबलं. नर्सबाईंनी खिडकीकडे तोंड केलं. मी म्हटलं, धन्यवाद. पुढचा प्रश्न.

पुढचा प्रश्न नव्हता. माझाच शेवटचा होता.

तिला बाहेर बसवलं आणि आम्ही ठरवायला बसलो. कर्नल म्हणाले, हो — जरा आगाऊ आहे, पण हो. नर्सबाई म्हणाल्या, हो. मग सगळे माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत बसले. मी नको म्हणायला गेले होते. तोंडात तयार होतं. पण डोळ्यांसमोर येत होत्या गुरुवारच्या त्या बायका, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही. आणि ते उत्तर. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला माझं काही वाटलंच नाही म्हणून ती न सांगता गेली.

हो म्हटलं.

आर्चडीकन म्हणाले, बिशप तिला रीतसर विचारतील, तोवर कुणी काही बोलायचं नाही. बाहेर आले तर बाक रिकामा. तिची बस निघायची होती म्हणे.

९ मार्च, रविवार

प्रार्थना. वाचन मास्तरांनी केलं, मी मागच्या बाकावर बसले. दार खरंच किती वाजतं!

ह्यांना होकाराचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण हे कुणी परके नव्हेत. म्हणाले, "आता दर रविवारी तिचं प्रवचन ऐकणार तू?" म्हटलं, ऐकेन. "आणि ती पाळकघरात, तू दुकानात, मध्ये एक रस्ता." म्हटलं, हो ना. हे हसले. पुष्कळ दिवसांनी.

मलाही थोडं हलकं वाटतंय. ओळख दाखवायची की नाही, काय म्हणून हाक मारायची, सूनबाई की पाळकबाई — असले विचार करत फडताळ आवरलं. तिला बसतील अशा दोन फ्रेम वेगळ्या काढल्या.

११ मार्च, मंगळवार

कर्नलनी नवं वेळापत्रक पाठवलं. मास्तरांना वाटेत वीस मिनिटं दिली आहेत. स्वतःच सुचल्यासारखं लिहिलंय.

१२ मार्च, बुधवार

सकाळी आर्चडीकनचा फोन. बिशपांनी जागा देऊ केली, तिने नाही म्हटलं. का, विचारलं. ते जरा अडखळले. तिचेच शब्द सांगितले: "आईंनी हो म्हटलं ते तिन्ही चर्चसाठी म्हटलं. दर रविवारी मला समोर बघत बसायची शिक्षा त्यांना नको." आई म्हणजे कोण, ते त्यांना आधी कळलंच नव्हतं.

बिशपांना शुक्रवारपर्यंत थांबायला सांगा म्हटलं. पत्ता घेतला. दुकानाला कुलूप लावलंय, हे पाटी लिहितायत. दुपारच्या बसने निघतेय. तो होकार माझाही होता, हे समोर जाऊन सांगायचं आहे.