भुवयांचं बहुमत

४ सप्टेंबर
ठरलं. गुआम बेटाचा प्रतिनिधी म्हणून मी, बेनितो, वॉशिंग्टनला अमेरिकेच्या संसदेत जाणार. बायकोला सांगितलं. रुफिनाने विचारलं, तिथे मत देता येतं का? म्हटलं, सभागृहात बसता येतं, बोलता येतं, पण गुआम काही राज्य नाही, म्हणून मत तेवढं नाही. ती म्हणाली, मग घरात वेगळं काय चाललंय? तिला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही.

७ सप्टेंबर, सकाळी ६
प्रचार सुरू. रस्त्याच्या कडेला फलक धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात हलवले. १४२ गाड्यांमधून भुवया उडाल्या. भुवया उडवल्या म्हणजे ‘हो’, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. भाषणाची गरजच नाही. उद्यापासून पहाटे पाचला.

८ सप्टेंबर, सकाळी ९.३०
आत्ता उठलो. उमेदवार ताजातवाना दिसायला हवा.

२६ सप्टेंबर
गावात एक म्हातारा वारला. नऊ दिवस रोझरीची प्रार्थना, मग जेवण. सगळं गाव आयतं एका जागी. तान एस्कोलास्तिकाला गाठलं. म्हातारीच्या शब्दावर चाळीस घरं हलतात. मत देणार ना, विचारलं. तिने भुवया उडवल्या, त्याही दोनदा. म्हणजे ऐंशी घरं धरायला हरकत नाही. तांबडा भात आणि लिंबू-खोबरं घातलेलं कोंबडीचं केलागुएन तीनदा घेतलं. डाएट आहे, पण नाही म्हटलं तर मतं जातात.

११ ऑक्टोबर
मेव्हणा किको म्हणतो, भुवया उडवणं म्हणजे नुसतं ‘काय, कसं काय’ही असतं. जळतो मेला.

२ नोव्हेंबर
एकूण भुवया ४,३१६. उद्या मतदान. वॉशिंग्टनला थंडी असते म्हणून सासऱ्यांचा लोकरीचा कोट घालून पाहिला. घामाने निथळलो. बटण तुटलं. कोट आटला असणार.

४ नोव्हेंबर
निकाल लागला. आमच्या गावातून मला एक मत.

ते माझंच.

दुपारी
तान एस्कोलास्तिकाला जाब विचारला. म्हणाली, “अरे बाळा, तू समोर दिसलास, मी ओळख दिली. तोंड फिरवायचं होतं का?”

संध्याकाळी
आत्ता ट्यूब पेटली. एकच मत, आणि तेही माझं. मग रुफिनाचं गेलं कुठे?

विचारलं. भात ढवळता ढवळता म्हणाली, दुसऱ्याला दिलं. वाईट वाटलं. हरल्याचं वाटलं नाही इतकं वाटलं. तसं बोलूनही दाखवलं.

तिने झारा खाली ठेवला. “मत नसताना नुसतं बोलत बसायला इतक्या लांब कशाला जायचं, बेनितो? इथे बोल की. इथे निदान मी ऐकते.”

विचारलं, “खरंच ऐकतेस?”

तिने भुवया उडवल्या.

तासभर झाला, विचार करतोय. हो म्हणाली, की नुसतीच ओळख दिली?