अंडी विकायला गेलेली आई

चि. सिउ-हिंग,

काल तुझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला शेजारची फोंग काकू आली, तेव्हा तू तोंड फिरवलंस. ऐंशीची म्हातारी फोटोपुढे तीनदा वाकली आणि निमूट निघून गेली.

आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, मी सोळाची. "ताई, आई कुठाय?" असं तू दिवसभर विचारत होतीस. कुणी मेलं की आपल्याकडे लोक म्हणतात, बदकाची खारवलेली अंडी विकायला गेला. मी वैतागून तेच म्हणाले, आणि तुला ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तू हरवलीस. संध्याकाळी काकूनेच तुला शाउ केई वान भागातल्या बाजारातून उचलून आणलं. अंडी विकणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा निरखत तू फिरत होतीस.

बाबा ओरडले, "हिला हे कुणी सांगितलं?"

मी काकूकडे बोट दाखवलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "जीभ घसरली."

तू तेव्हा तापाने फणफणली होतीस. पुढे बाबा सांगत गेले तेच तुला आठवू लागलं, आणि मी पस्तीस वर्षं ते आठवू दिलं.

कागदावर हे फार सोपं गेलं, म्हणून हा कागद तुला देणार नाही. उद्या सकाळी काकूला घेऊन येते आणि तिच्यासमोरच सांगते. मग मला घरात घेतलं नाहीस तरी चालेल. तिला घे.

तुझी ताई,
युक-मुई